सेल, तार आणि जुनी सीडी : घरच्या वस्तूंतून गॅजेट करायला शिकताना

तार गुंडाळली, सेल लावला, गरगर फिरायला लागलं. घरगुती गॅजेटच्या व्हिडिओत सगळं असं चुटकीसरशी होतं. आपण करायला बसलो की तीच तार, तोच सेल, आणि काहीच हलत नाही. मग माणूस नवा सेल आणतो, मोठा चुंबक शोधतो आणि शेवटी वैतागून सगळं खोक्यात भरून माळ्यावर टाकतो. खरं तर बिघाड बहुतेक वेळा सेलमध्ये नसतो, चुंबकातही नसतो. तो जोडात असतो. दोन धातू एकमेकांना टेकलेले दिसतात, पण मध्ये मुलामा असतो, गंज असतो, नाहीतर केसाएवढी फट असते. दुरुस्तीवाले ज्याला लूज कॉन्टॅक्ट म्हणतात तोच हा प्रकार.

म्हणून खालचा क्रम मुद्दाम असा ठेवला आहे. आधी जोड तपासायचं साधन करायचं, मग त्याच साधनाच्या मदतीने मोटार, स्पीकर आणि ब्रशचा रोबो. शेवटचं गॅजेट प्रकाशाचं आहे, त्यात वीज नाहीच. मधलं एखादं गाळलंत तरी चालेल, पहिलं मात्र गाळू नका.

१. आधी काय नको ते

या लेखातलं सगळं दीड ते तीन व्होल्टवर चालतं. भिंतीतल्या प्लगला यातलं काहीही जोडायचं नाही, ॲडॅप्टर लावूनसुद्धा नाही.

मोबाइल किंवा लॅपटॉपमधून काढलेली लिथियम बॅटरी वापरू नका. ती शॉर्ट झाली, म्हणजे तिची दोन टोकं थेट एकमेकांना जोडली गेली, की क्षणात प्रचंड करंट सोडते. फुगते, पेट घेते. साधा पेन्सिल सेल शॉर्ट झाला तर तापतो, बोटाला चटका बसतो आणि आपण तो सोडून देतो. शिकण्यापुरती ही शिक्षा पुरे आहे.

जुना फ्लॅशवाला कॅमेरा उघडू नका. सेल काढून ठेवला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, ३०० व्होल्टच्या आसपास दाब बराच काळ टिकून राहू शकतो. मायक्रोवेव्ह आणि जुने मोठ्या काचेचे टीव्ही यांचंही तेच, किंबहुना जास्त वाईट. भंगारातून काढायचंच असेल तर सेलवर चालणारी खेळणी, रिमोट, घड्याळं आणि बंद पडलेले हेडफोन यांच्यावर हात चालवा.

घरात लहान मूल असेल तर बटण सेल आणि ताकदवान चुंबक डोळ्यांसमोर ठेवा, काम झालं की कुलपात. गिळलेला बटण सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर इजा करू शकतो. दोन चुंबक गिळले गेले तर ते आतड्याच्या दोन बाजूंनी एकमेकांना ओढून धरतात. अशा वेळी वाट पाहत बसायचं नाही, थेट रुग्णालय गाठायचं.

आणि ज्या व्हिडिओत चुंबक आणि तार यांच्या जोरावर बल्ब फुकटात कायमचा जळतो, तो करून पाहण्यात वेळ घालवू नका. टेबलाखाली किंवा बल्बच्या बुडाशी सेल लपवलेला असतो. चुंबक नुसता जवळ ठेवून वीज मिळत नाही, तो हलवावा लागतो, आणि हलवायची ऊर्जा कुणाला तरी द्यावीच लागते.

२. सामान

सगळ्या गॅजेटना मिळून एवढं लागतं (स्पीकरसाठीचं गाणारं खेळणं, रोबोची मोटार आणि बटण सेल यांचं पुढे त्या-त्या ठिकाणी सांगितलं आहे):

- पेन्सिल सेल, शक्यतो अल्कलाइन, आणि एक मोठा टॉर्चचा सेल
- लाल एलईडी दोन-तीन, १०० ओहमचा एक रेझिस्टर (बंद पडलेल्या खेळण्याच्या सर्किटवरून काढता येतो, १०० ते २२० मधला कुठलाही चालेल)
- मुलामा असलेली तांब्याची तार, म्हणजे वाइंडिंगची तार, दोन जाडीची: मोटारीसाठी २४ किंवा २६ गेज, स्पीकरसाठी ३६ गेज
- प्लॅस्टिकचं आवरण असलेली साधी वायर, हातभर
- चुंबक: जुन्या स्पीकरमधला किंवा बिघडलेल्या हार्ड डिस्कमधला
- दोन मोठ्या सेफ्टी पिना, रुंद रबर बँड, कागदी कप, जुना टूथब्रश, एक सीडी, बुटांचं खोकं
- कटर, पॉलिश पेपर, चिकटपट्टी, दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोमची पट्टी, ॲल्युमिनियम फॉइल

फ्रिजवर चिकटवायच्या लवचीक पट्टीचा चुंबक घेऊ नका. त्यात उत्तर आणि दक्षिण ध्रुवांच्या बारीक पट्ट्या शेजारी-शेजारी असतात, त्यामुळे पत्र्याला तो छान चिकटतो, पण थोड्याशा अंतरावर त्याचा जोर संपतो. मोटारीला तो काही कामाचा नाही.

वाइंडिंगची तार विकत घ्यायचीच असं नाही. मोटार वाइंडिंग करणाऱ्यांकडे कापलेले तुकडे पडून असतात, हात-दोन हात तार ते सहसा अशीच देतात. सोल्डरिंगची गरज नाही. पीळ, रबर आणि चिकटपट्टी यांवर हे सगळं होतं, फक्त पीळ देण्याआधी तार घासलेली हवी.

३. पहिलं गॅजेट: जोड तपासणारा दिवा

दोन पेन्सिल सेल एकामागे एक ठेवा, एकाचं टोक दुसऱ्याच्या बुडाला. जाड कागदाची पट्टी त्यांच्याभोवती घट्ट गुंडाळून चिकटपट्टीने नळी बांधा. नळी सैल झाली तर सेल आत हलतील आणि दिवा लुकलुकत राहील, तेव्हा इथे कंजुषी नको. दोन्ही टोकांना फॉइलची चार पदरी घडी ठेवून त्यात वायरचं सोललेलं टोक दाबा आणि वरून लांबीच्या दिशेने रबर बँड ताणून बसवा. झालं तीन व्होल्टचं पॅक.

एलईडीला दोन पाय असतात. लांब पाय धन. पाय कापलेले असतील तर एलईडीच्या कडेवर बोट फिरवा, जिथे कड सपाट लागते तो ऋण. लांब पायाला रेझिस्टरचं एक टोक पीळ देऊन जोडा आणि रेझिस्टरचं दुसरं टोक पॅकच्या धन बाजूच्या वायरला. आता एलईडीच्या आखूड पायाला एक वायर जोडून ती मोकळी ठेवा. पॅकच्या ऋण बाजूची वायरही मोकळी. ही दोन मोकळी टोकं म्हणजे तुमच्या तपासणीच्या सळया. ती एकमेकांना टेकवली की दिवा लागला पाहिजे.

रेझिस्टर कशाला? लाल एलईडीला साधारण दोन व्होल्ट लागतात. उरलेला एक व्होल्ट कुणीतरी सोसायला हवा, नाहीतर एलईडीतून गरजेपेक्षा जास्त करंट जाऊन तो लवकर मरतो. १०० ओहममधून एक व्होल्टला १० मिलिअँपिअर जातात. एलईडीला तेवढे बस्स.

आता हा दिवा घेऊन घरभर फिरा, फक्त प्लग आणि विजेवर चालणाऱ्या उपकरणांना त्याची टोकं लावू नका. चमचा, किल्ली, नाणं लावून बघा. दोन्ही बाजूंनी टोक काढलेली शिसपेन्सिल लावा: दिवा लागतो, पण जरा मंद, कारण ग्राफाइट वीज नेतं खरं पण तांब्याइतकं सहज नेत नाही. चॉकलेटचं चकचकीत वेष्टन लावा, बहुधा लागणार नाही. वरून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो.

मग वाइंडिंगच्या तारेची दोन टोकं लावा. दिवा लागणार नाही. तार दिसते अगदी उघड्या तांब्यासारखी, पण तिच्यावर पारदर्शक मुलामा असतो. आता पॉलिश पेपर दुमडून त्यात टोक धरा आणि तार फिरवत-फिरवत ओढा. रंग फिका, गुलाबीसर झाला की पुन्हा लावा. दिवा लागेल. काही जण हा मुलामा लायटरने जाळतात. तसं केल्यावर तारेवर काजळी आणि काळा थर बसतो, तोही वीज अडवतो आणि शेवटी पॉलिश पेपर घ्यावाच लागतो. मग आधीच का नको!

४. दुसरं गॅजेट: सेफ्टी पिनांची मोटार

तारेत वीज सोडली की चुंबकाजवळ तिला ढकल बसते आणि त्या ढकलीतून सतत फिरणारी गती मिळवता येते, हे मायकेल फॅरेडेने १८२१ मध्ये दाखवलं. त्याने पाऱ्याचं भांडं वापरलं होतं. आपल्याला दोन सेफ्टी पिना पुरतात.

*वेटोळं.* २४ किंवा २६ गेजची दीड मीटर तार घ्या. अडीच-तीन सेंटिमीटर जाडीच्या गोल बाटलीवर किंवा नळीवर दहा-बारा वेढे गुंडाळा. दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटिमीटर टोक मोकळं ठेवा. वेटोळं अलगद काढा आणि प्रत्येक टोक वेटोळ्याभोवती दोन वेळा आवळून घ्या, म्हणजे वेढे सुटणार नाहीत. ही टोकं बरोबर समोरासमोर, एका सरळ रेषेत बाहेर यायला हवीत. तीच मोटारीची आस.

दोन्ही टोकं बोटांच्या चिमटीत अलगद धरून वेटोळं फिरवून बघा. दर वेळी तीच बाजू खाली येऊन थांबत असेल तर ती बाजू जड आहे. टोकं थोडी वर-खाली वाकवून तोल साधा. कंटाळवाणं काम आहे, पण तोल नसलेलं वेटोळं झोका घेतं, फिरत नाही.

*घासणं.* मोटार इथेच अडते, म्हणून जरा सावकाश वाचा. एक टोक पूर्ण घासायचं, चारही बाजूंनी. दुसरं टोक फक्त अर्धं. वेटोळं टेबलावर उभं धरा, म्हणजे वेढ्यांची चकती भिंतीसारखी उभी राहील. दुसरं टोक टेबलाच्या कडेवर ठेवा आणि त्याची फक्त वरची बाजू घासा. खालच्या अर्ध्या भागाला पॉलिश पेपर लागता कामा नये. इथे कटरची पाठ बरी पडते. पॉलिश पेपर दुमडला की खालची बाजूही नकळत घासली जाते.

अर्धंच का? वेटोळं अर्धा फेरा फिरलं की चुंबकाची ढकल त्याला उलट दिशेला फिरवू लागते. वीज चालूच राहिली तर वेटोळं मागे-पुढे डोलून थांबेल. अर्धा मुलामा ठेवला की त्या उलट अर्ध्या फेऱ्यात वीज तुटते, वेटोळं आधीच्या वेगावर तेवढं अंतर काढतं आणि पुन्हा घासलेली बाजू टेकली की नवी ढकल मिळते. कारखान्यातल्या मोटारीत हे काम कम्युटेटर करतो. तुमचा कम्युटेटर म्हणजे तो अर्धा मुलामा.

*उभारणी.* मोठा सेल आडवा ठेवून घरंगळू नये म्हणून खाली चिकटपट्टीने धरा. दोन्ही टोकांना एक-एक सेफ्टी पिन उभी लावा, पिनेचं गोल कडं वर. दोन्ही पिना रुंद रबर बँडने सेलवर घट्ट आवळा. पिनेवर रंग किंवा लॅकर असेल तर जिथे सेल टेकतो आणि जिथे तार फिरते त्या दोन्ही जागा घासून घ्या. आता चुंबक सेलच्या पाठीवर मधोमध ठेवा आणि वेटोळ्याची टोकं पिनांच्या कड्यांत अडकवा. वेटोळं चुंबकाच्या जितकं जवळून फिरेल तितकं चांगलं, पण घासता कामा नये.

बोटाने हलकी टिचकी मारा. एका दिशेने नाही घेतलं तर दुसऱ्या दिशेने मारा. फिरायला लागलं की त्याचा वेग बघून बरं वाटतं!

नाही फिरलं तर क्रमाने बघा. तपासणीच्या दिव्याचं एक टोक एका पिनेला, दुसरं दुसऱ्या पिनेला लावा, पण आधी सेल काढून त्या जागी तेवढाच लाकडाचा किंवा कागदाच्या गुंडाळीचा ठोकळा ठेवा. वेटोळं हळूहळू हाताने फिरवा. दिवा अर्धा फेरा लागला आणि अर्धा फेरा विझला तर घासणं बरोबर. सतत लागला तर दुसरं टोक जास्त घासलं गेलं. त्या भागावर नेलपॉलिश लावून वाळवा, काम होतं. कधीच लागला नाही तर कमी घासलंय. मध्येच लुकलुकला तर पिनेचं कडं मळकं आहे. एवढं सगळं ठीक असूनही फिरत नसेल, तरच सेल आणि चुंबकाकडे वळा.

चालू मोटार सोडून दुसरीकडे जाऊ नका. एवढ्याशा तारेचा रोध, म्हणजे वीज अडवण्याची ताकद, ओहमचा जेमतेम आठवा भाग असतो, त्यामुळे वेटोळं अडकून उभं राहिलं तर सेल जवळजवळ शॉर्टच होतो आणि तापतो. खेळून झालं की वेटोळं उचलून बाजूला ठेवा.

एकदा जमली की चुंबक उलटा करून बघा, दिशा बदलते. पाच वेढ्यांचं वेटोळं करून बघा, वीस वेढ्यांचं करून बघा. जास्त वेढे म्हणजे जास्त ढकल, पण वजनही जास्त आणि रोधही जास्त. कुठेतरी मध्ये सगळ्यात चांगला वेग मिळतो आणि तो तुमच्या चुंबकावर ठरतो. त्याचा आकडा कुणी सांगू शकत नाही.

५. तिसरं गॅजेट: कागदी कपाचा स्पीकर

मोटारीतली ढकल इथेही तीच, फक्त फिरण्याऐवजी वेटोळं पुढे-मागे थरथरतं आणि कपाचा तळ हवेला हलवतो. आजच्या बहुतेक स्पीकरांचं तत्त्व हेच. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये त्याला जे रूप दिलं ते फारसं बदललेलं नाही.

३६ गेजच्या तारेचे सुमारे १५० वेढे अडीच सेंटिमीटरच्या नळीवर घ्या. रोध साधारण सात ओहम येईल. बाजारातले छोटे स्पीकर आठ ओहमचे असतात, म्हणजे जवळपास पोचलात. ही तार केसासारखी तुटते. ओढून नव्हे, नळी फिरवून गुंडाळा आणि मोजताना आकडा चुकला तर चुकू द्या, पाच-दहा वेढ्यांनी काही बिघडत नाही. वेटोळं कपाच्या तळाला बाहेरून मधोमध चिकटवा. दोन्ही टोकं घासून थोड्या जाड वायरला पीळ द्या आणि ती वायर कपाला चिकटपट्टीने बांधून टाका, म्हणजे ओढ बारीक तारेवर येणार नाही.

चुंबक जाड पुठ्ठ्यावर पक्का चिकटवा. कागदाच्या दोन पट्ट्या एकमेकींवर घडी घालत स्प्रिंगसारख्या करा, अशा दोन स्प्रिंगा कप आणि पुठ्ठ्याच्या मध्ये लावून कप असा उभा करा की वेटोळं चुंबकाभोवती येईल पण टेकणार नाही. बरेच जण उलटं करतात, चुंबक कपाला चिकटवतात आणि वेटोळं खाली ठेवतात. आवाज येतो, पण दबका, कारण जड चुंबक घेऊन कपाला थरथरावं लागतं. हलायचं ते हलकं असावं.

आता गाणं कुठून घ्यायचं? चांगल्या मोबाइलच्या हेडफोन जॅकला हे लावू नका. तो जॅक यापेक्षा बऱ्याच जास्त ओहमच्या हेडफोनसाठी असतो. आवाज फाटतो आणि आतल्या ॲम्प्लिफायरवर उगाच ताण येतो. त्यापेक्षा सेलवर चालणारं, गाणं वाजवणारं खेळणं घ्या. त्याच्या छोट्या स्पीकरच्या दोन वायर कापा आणि तुमच्या कपाला जोडा. बिघडलं तरी कुणाचं काही जाणार नाही, फार तर त्या खेळण्याच्या मालकाची समजूत काढावी लागेल.

आवाज खोलीभर होणार नाही. कपाला कान लावा. शब्द कळले तर स्पीकर उत्तम जमला असं समजा. खरखर येत असेल तर वेटोळं चुंबकाला घासतंय, काहीच येत नसेल तर तपासणीचा दिवा काढा.

६. चौथं गॅजेट: ब्रशचा रोबो

हे झटपट होतं, आणि मुलांना सगळ्यात आवडतं.

जुन्या मोबाइलमधली किंवा गेम खेळायच्या रिमोटमधली थरथरणारी छोटी मोटार मिळवा. तिच्या आसावर एका बाजूला जड असा अर्धगोल तुकडा असतो, तो फिरला की सगळं हलतं. टूथब्रशचं डोकं कापा, फोमची पट्टी लावा, वर मोटार आणि तिच्या शेजारी तीन व्होल्टचा बटण सेल बसवा. वायरची टोकं सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टीने दाबली की ब्रश टेबलावर पळायला लागतो.

दोन गोष्टी बघा. फिरणारा अर्धगोल कशालाही टेकता कामा नये, चिकटपट्टीचा एक कोपरासुद्धा त्याला थांबवतो. आणि नव्या, सरळ केसांचा ब्रश जागेवरच गरगरतो; वापरून केस एकाच बाजूला कललेला ब्रश पुढे पळतो, कारण कललेले केस एका दिशेला सहज सरकतात आणि उलट दिशेला अडतात. केस कललेले नसतील तर ब्रश कापडाखाली ठेवून वरून जड पुस्तक एका बाजूला ओढत दाबा.

७. पाचवं गॅजेट: सीडीचा वर्णपटदर्शक

मला विचाराल तर या पाचांत हेच सगळ्यात मोलाचं आहे, आणि याला ना तार लागते ना सेल. घरातला प्रत्येक दिवा आतून वेगळा असतो हे यातून स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं.

सीडीवर माहितीचा मार्ग चक्राकार फिरत जातो आणि शेजारच्या दोन फेऱ्यांत १.६ मायक्रोमीटर अंतर असतं. म्हणजे एका मिलिमीटरमध्ये ६२५ ओळी. इतक्या दाट ओळींवरून परतणारा प्रकाश रंगारंगांत फुटतो. सीडी हातात धरली की इंद्रधनुष्य दिसतं ते त्यामुळेच. पण ते पसरट आणि एकमेकांत मिसळलेलं असतं. बारीक फटीतून प्रकाश आत सोडला की रंग वेगवेगळे आणि नीट ओळीत दिसतात.

*खोकं.* बुटांचं किंवा तेवढंच लांबट खोकं घ्या. उजेड आत शिरू शकेल अशा सगळ्या सांध्यांवर काळी किंवा जाड चिकटपट्टी लावा, आतून काळा कागद लावलात तर उत्तम.

*फट.* खोक्याच्या एका आखूड बाजूला, तळापासून दोन-तीन सेंटिमीटर उंचीवर, दोन सेंटिमीटर लांब आणि एक सेंटिमीटर उंच चौकट कापा. तिच्यावर सरळ कडेच्या दोन पुठ्ठ्यांच्या पट्ट्या अशा चिकटवा की मध्ये तळाला समांतर अशी आडवी फट राहील, अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी. साध्या कागदाचे दोन-तीन पदर मध्ये धरून पट्ट्या चिकटवल्या आणि मग कागद ओढून काढला तर फट सगळीकडे सारखी येते. कड कात्रीने कापलेली नको, कारखान्यातून आलेली हवी. कात्रीच्या कडेचा प्रत्येक दात वर्णपटात काळी रेघ बनून दिसतो.

*सीडी.* समोरच्या बाजूला सीडी तिरकी बसवायची. दोन्ही लांब बाजूंवर तळाशी ६० अंशांचा कोन करणाऱ्या तिरक्या खाचा कापा, वरचं टोक फटीपासून दूर कललेलं. चकचकीत बाजू फटीकडे. सीडी कापू नका, तिला तडे जाऊन धारदार ठिकऱ्या उडतात. अख्खी सीडी खाचांत सरकवा, खोक्याबाहेर राहिली तर राहू दे.

*डोळ्याचं भोक.* झाकणावर, सीडीच्या ज्या भागावर उजेड पडतो त्याच्या बरोबर वर, सरळ उभ्या रेषेत, दीड सेंटिमीटरचं भोक पाडा.

६० अंश हा आकडा हवेतून आलेला नाही. या कोनात फटीतून आडवा आलेला प्रकाश सीडीच्या लंबरेषेशी ३० अंश करतो, आणि ६२५ ओळींच्या जाळीवरून पिवळसर प्रकाश लंबरेषेच्या दुसऱ्या बाजूला ६० अंशांवर, म्हणजे सरळ वर, भोकाकडे जातो. निळा थोडा अलीकडे, लाल थोडा पलीकडे. म्हणूनच सीडीऐवजी डीव्हीडी घेतलीत तर हे खोकं चालणार नाही. डीव्हीडीत ओळींमधलं अंतर ०.७४ मायक्रोमीटर असतं आणि या कोनात तिचे रंग भोकाकडे येतच नाहीत. लोक भोक मोठं करत बसतात, फट रुंद करतात, आणि दोष डिस्कमध्ये असतो. लेबल वाचून घ्या.

भोकातून पांढरी रेघ दिसली तर तुम्ही सीडीचा नुसता आरसा बघताय. डोळा फटीपासून दूर, सीडीच्या बाजूला सरकवा आणि सरळ खाली बघा.

*काय बघायचं.* फट दिव्याकडे धरा. जुना पिवळा बल्ब किंवा मेणबत्ती असेल तर जांभळ्यापासून लालपर्यंत अखंड पट्टा दिसेल. ट्यूबलाइट किंवा सीएफएल असेल तर पट्टा तुटतो आणि सुट्या रेघा दिसतात. ५४६ नॅनोमीटर तरंगलांबीची ठसठशीत हिरवी आणि ४३६ ची निळी-जांभळी या पाऱ्याच्या वाफेच्या रेघा. पांढऱ्या एलईडीत निळ्याचा एक जोरदार ठिपका, मग जरा अंधार आणि पुढे हिरव्यापासून लालपर्यंत पसरट पट्टा दिसतो. कारण आतला खरा दिवा निळा आहे आणि बाकीचे रंग त्याच्यावरच्या पिवळट लेपातून येतात. त्याच्या शेजारी मोबाइलचा पांढरा पडदा धरून बघा, फरक लगेच कळेल.

मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली ज्योतीत मिठाची चिमूट टाकलीत तर ५८९ नॅनोमीटरला पिवळी रेघ चमकून जाते, ती सोडियमची.

सूर्याकडे फट कधीही रोखायची नाही. सूर्यप्रकाश बघायचा तर उन्हात पांढरा कागद ठेवा आणि फट त्या कागदाकडे करा. फट फार बारीक जमली असेल तर रंगीत पट्ट्यात काळ्या आडव्या रेघा पुसट दिसतात. जोसेफ फ्राउनहोफरने १८१४ मध्ये अशा शेकडो रेघांची नोंद केली. सूर्यात कुठली मूलद्रव्यं आहेत हे पुढे याच रेघांवरून कळलं. पहिल्या खोक्यात त्या दिसल्या नाहीत तर खट्टू होऊ नका, फट आणखी बारीक करून बघा. उजेड कमी होईल, पण रेघा सुट्या आणि स्पष्ट होतील.

फोटो काढायचा असेल तर मोबाइलचा कॅमेरा भोकावर टेकवा, फ्लॅश बंद करा आणि पडद्यावर रंगपट्टीवर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड तिथेच थांबतो. त्यानंतर उजेडाची पट्टी खाली ओढून फोटो जरा काळोखा करा. कॅमेरा आपणहून उजेड वाढवतो, त्यात ट्यूबलाइटच्या सगळ्या रेघा पांढऱ्या पडून एकमेकींत मिसळतात. फोटोखाली दिव्याचा प्रकार लिहून ठेवा, दहा फोटो झाल्यावर कुठला कशाचा ते आठवत नाही.